वॅक्स घ्यायचं की सीलंट? गाडीच्या रंगाची चमक राखण्याची पहिली उजळणी

दुकानातल्या फळीवर दहा-बारा डब्या असतात, सगळ्यांवर चमचमती गाडी छापलेली आणि सगळ्यांचा दावा एकच. डबी वाचून निवड करायला गेलं की गोंधळ वाढतो. त्याआधी तीन गोष्टी बघा: गाडी दिवसभर उभी कुठे असते, ती पुसतं-धुतं कोण, आणि धुवायला पाणी नळाचं आहे की बोअरचं. एवढं कळलं की बरीचशी निवड होऊन जाते.

आधी रंगाची जाडी समजून घ्या

आजच्या गाडीवर पत्र्यापासून वर मोजत गेलं तर गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. आपल्याला दिसते ती चमक याच थराची, आणि बोटाला न लागणारे बारीक ओरखडेही याच थरातले.

वॅक्स किंवा सीलंटचा थर त्याहून कितीतरी पातळ असतो. किल्लीचा ओरखडा, उडालेला खडा, दुचाकीच्या हँडलचा घासा यातलं काहीही तो अडवत नाही. तो अडवतो ते ऊन, पाण्यातले क्षार, पक्ष्यांची घाण, झाडाचा चीक आणि रस्त्यावरचा डांबरी चिकटा, तेही काही काळ. त्या काळात घाण क्लिअर कोटऐवजी वरच्या थरावर बसते आणि धुताना लवकर सुटते. इतकंच त्याचं काम, पण ते मोठं काम आहे.

पॉलिश वेगळं. त्यात घासणारे बारीक कण असतात आणि ते क्लिअर कोटचा थोडा भाग काढून पृष्ठभाग सपाट करतं. डबीवर ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलेलं असेल तर त्यातही सहसा सौम्य घासणारा अंश असतो. वर्षातून एखाद्या वेळी ठीक आहे, दर महिन्याला नाही. कोपऱ्यावरच्या रंगवाल्याकडचं रबिंग कंपाउंड तर नवख्याने हातातच घेऊ नये. कडा आणि घड्यांवर क्लिअर कोट आधीच पातळ असतो, तिथे तो उडाला की पुन्हा रंगकामाशिवाय इलाज नाही.

फळीवर काय काय असतं

*कार्नोबा वॅक्स.* ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण धरतं. वनस्पतींपासून मिळणाऱ्या मेणांत ते सगळ्यात कडक मेणांपैकी एक आहे आणि साधारण 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं. शुद्ध कार्नोबा हाताने फासताच येणार नाही इतकं टणक असतं, म्हणून डबीत ते तेल, द्रावक आणि इतर मेणांबरोबर मिसळलेलं असतं. ‘100 टक्के कार्नोबा’ असं छापलेलं असेल तर ते मेणाच्या प्रकाराबद्दल आहे, डबीतल्या प्रमाणाबद्दल नाही. गडद रंगावर, विशेषतः काळ्या, मरून आणि गडद निळ्यावर, याने खोली येते. टिकतं मात्र सहा-आठ आठवडे, आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीवर त्याहूनही कमी.

*सिंथेटिक सीलंट.* प्रयोगशाळेत बनवलेले पॉलिमर आणि सिलिकोन. रंगाला घट्ट धरतात, ऊन आणि शॅम्पू जास्त सोसतात, चार-सहा महिने निघतात. चमक थोडी कोरडी, स्वच्छ काचेकडे झुकणारी. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीला हीच शोभते. पांढऱ्या गाडीवर महागडं कार्नोबा लावून फरक दिसण्याची वाट बघणं म्हणजे पैसे वाया.

*फवारायचे हायब्रिड सीलंट.* यांच्यावर ‘सिरॅमिक’ किंवा ‘एसआयओटू’ (म्हणजे सिलिका) असं लिहिलेलं असतं. फवारा, पसरवा, पुसा, झालं. नवख्यासाठी सगळ्यात क्षमाशील प्रकार. दोन-तीन महिने धरा.

*खरं सिरॅमिक कोटिंग.* छोट्या बाटलीत येतं, रंगावर कडक होऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. पण लावण्याआधी रंग मशीनने दुरुस्त करावा लागतो. शिवाय लावताना राहिलेला डाग फडक्याने जात नाही, तो पॉलिश करूनच काढावा लागतो. पहिल्याच वेळी घरी करायचं हे काम नव्हे.

आणि शोरूममध्ये गाडीसोबत गळ्यात मारलं जाणारं ‘टेफ्लॉन कोटिंग’? तव्यावर टेफ्लॉन पक्कं बसवायला तीनशे अंशांच्या वर भाजावं लागतं. गाडीच्या रंगाला ती उष्णता देता येत नाही. तुम्हाला मिळतं ते बहुतेक वेळा साधं सीलंट, नावाची किंमत जोडून. तेच सीलंट घरी एका सकाळी लागतं.

टिकण्याचा डबीवरचा आकडा आपल्याकडच्या उन्हात निम्मा धरावा. तो आकडा सौम्य हवेत, जपून धुतलेल्या गाडीवरचा असतो. एप्रिलमध्ये विदर्भात उघड्यावर उभ्या काळ्या बॉनेटवर हात ठेवून बघा, म्हणजे कारण विचारावं लागणार नाही.

कोणाला काय

गाडी दिवसभर उन्हात, आठवड्याला एकदा धुणं: सीलंट, वर्षातून तीनदा.

तळघरातलं पार्किंग, गडद रंग, रविवारी गाडीमागे वेळ घालवायची हौस: पेस्ट कार्नोबा. हवं तर खाली सीलंट आणि 24 तासांनी वर वॅक्स. उलट क्रम चालत नाही, कारण वॅक्सच्या तेलकट थरावर सीलंटला पकड मिळत नाही.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी: इथे जरा थांबून विचार करा. जाहिरातीत पाण्याचे टपोरे थेंब दाखवतात आणि सगळ्यांना तेच हवे असतात. जड पाण्याचा प्रत्येक उभा थेंब उन्हात सुकताना आपल्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एका गोल वर्तुळात सोडून जातो. ही वर्तुळं गरम रंगावर पक्की बसतात. म्हणून अशा ठिकाणी थेंब करणाऱ्यापेक्षा पाणी सलग पातळ पडद्यासारखं सरकवून घालवणारं सीलंट बरं, आणि धुतल्यावर लगेच कोरडं करणं त्याहूनही महत्त्वाचं.

कोकण किंवा गोव्यात समुद्राजवळ राहणारे: सीलंट घ्या, पण वॅक्सने गंज थांबेल अशी आशा ठेवू नका. गंज सुरू होतो तो दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि गाडीच्या पोटाला. तिथे वॅक्सची डबी पोचत नाही. त्या जागा साध्या पाण्याने धुऊन खारटपणा काढणं आणि गाडीखाली गंजरोधक कोटिंग करून घेणं हे वेगळं काम आहे.

मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीही लावू नका, चमकदार चट्टे पडतात आणि ते काढणं अवघड असतं. अपघातानंतर एखादा भाग नव्याने रंगवला असेल तर त्यावर महिना-दोन महिने काहीही लावू नये. गॅरेजच्या रंगातले द्रावक हळूहळू उडत असतात, त्यांना वाट मोकळी हवी. नेमकी मुदत रंगवाल्याला विचारा. कारखान्यातून आलेला रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला ही अट नाही.

काय विकत आणायचं

200 ग्रॅमची पेस्ट किंवा 500 मिलीची बाटली एका माणसाला भरपूर होते. छोट्या हॅचबॅकला एका हाताला पेस्ट 15 ते 20 ग्रॅम लागते, म्हणजे एका डबीत दहाएक वेळा. द्रव सीलंट 25 ते 30 मिली. त्याहून जास्त संपत असेल तर थर जाड पडतोय.

सोबत फोमचे दोन गोल अ‍ॅप्लिकेटर पॅड, 300 ते 400 जीएसएमची (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) चार मायक्रोफायबर फडकी, गाडी कोरडी करायला एक जाड मोठा टॉवेल, गाडीचा शॅम्पू आणि 50 ग्रॅमची क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मळता येणारी वडी. काळ्या प्लॅस्टिकसाठी मास्किंग टेप. जुनी बनियन आणि पिवळं फडकं घरातच राहू द्या.

लावण्याचं काम, क्रमाने

1. *धुणं.* आधी नुसत्या पाण्याने धूळ सुटू द्या, मगच हात लावा. दोन बादल्या घ्या. एका बादलीत 10 लिटर पाण्याला बाटलीवर लिहिलं असेल तितकं शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. गाडी धुण्याचा मऊ हातमोजा दर भागानंतर साध्या पाण्यात पिळून मग शॅम्पूत बुडवा. टपापासून सुरुवात करून खाली या. दारांचा खालचा तिसरा हिस्सा सगळ्यात शेवटी, कारण खरी वाळू तिथेच असते.

2. *चिकटलेली घाण काढणं.* धुऊन कोरड्या केलेल्या बॉनेटवर, हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी चढवून, बोटं हलकेच फिरवा. रवाळ लागलं तर क्ले लागणार. आगगाडीच्या रुळांजवळ किंवा कारखान्यांच्या पट्ट्यात राहत असाल तर लोहकण काढणारा फवारा आधी मारा. थंड पत्र्यावर तीन-चार मिनिटं ठेवा, सुकू देऊ नका, जांभळे ओघळ दिसले की भरपूर पाण्याने धुवा. वास घाण येतो, तो येणारच.

क्लेचा चतकोर तुकडा मळून चपटा करा. दीड-दोन फुटांचा चौकोन शॅम्पूच्या पाण्याने ओला ठेवून, वजन न देता, सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा. आवाज आणि अडखळणं थांबलं की तो चौकोन झाला. तुकडा घडी करून नवी बाजू वर घ्या. जमिनीवर पडलेली क्ले उचलून पुन्हा वापरू नये, तिच्यात रुतलेला एक खडा अख्ख्या बॉनेटवर रेघ ओढेल. हे काम वर्षातून एक-दोनदा पुरे.

3. *सीलंट लावणार असाल तर तेलकटपणा काढणं.* औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि साधं स्वच्छ पाणी तीन भाग. फडक्यावर फवारून एकेक भाग पुसा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन थर सोडतं. पेस्ट वॅक्स लावायचं असेल तर ही पायरी गाळली तरी चालेल.

4. *टेप.* बंपरच्या काळ्या पट्ट्या, खिडक्यांची रबरं, दारांवरच्या काळ्या पट्ट्या झाका. पाच मिनिटांचं काम, पण न केल्यास अर्धा तास घासत बसावं लागतं.

5. *लावणं.* गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागणारा हवा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. पॅड डबीत अर्धा वेढा फिरवा, तेवढं अर्ध्या बॉनेटला पुरतं. सरळ, एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या रेषांत पसरवा. थर इतका पातळ हवा की थंड काचेवर फुंकर मारल्यावर येणाऱ्या धुक्याइतकाच दिसावा. पांढरा लेप दिसला तर ते वाया गेलेलं वॅक्स आहे. रंगाला धरतो तो सगळ्यात खालचा थर, बाकीचं फडक्यावरच येतं.

6. *सुकू देणं आणि पुसणं.* पेस्ट वॅक्सला पाच-दहा मिनिटं, सीलंटला बाटलीवर सांगितलेला वेळ, बहुधा पंधरा ते तीस मिनिटं. घड्याळापेक्षा बोट खरं: एका कोपऱ्यात बोट ओढा. खाली स्वच्छ चमक दिसली तर पुसायला घ्या. पसरून धुरकट रेघ राहिली तर थांबा. मुंबईच्या दमट हवेत वेळ दुप्पट लागू शकतो, नागपूरच्या कोरड्या हवेत निम्मा. एका फडक्याने लेप उचला, दुसऱ्या कोरड्या फडक्याने शेवटचा हात द्या. फडकं चार घड्यांचं ठेवा आणि बाजू बदलत राहा.

फवाऱ्याच्या प्रकारात सुकण्याची वाट बघायची नसते. एका भागाला दोन फवारे, लगेच पसरवा, लगेच दुसऱ्या फडक्याने पुसा. चार फवारे मारले की रेघोट्या हमखास.

7. *विश्रांती.* सीलंट लावल्यावर 12 ते 24 तास पाणी लागू देऊ नका. दुसरा हात द्यायचा असेल तर त्यानंतर. दुसऱ्या हाताने चमक दुप्पट होत नाही, पहिल्यात सुटलेल्या जागा भरतात. तिसरा हात निव्वळ हौस.

पुढच्या काचेवर वॅक्स लावू नका, वायपर थडथडतो आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झगमगाट पसरतो. अलॉय चाकांना सीलंट उत्तम, पण फवारा थेट चाकावर न मारता फडक्यावर मारा. ब्रेक डिस्कवर गेलेलं सिलिकोन म्हणजे न लागणारा ब्रेक.

बिघडलं तर

*पुसूनही धुरकट चट्टे राहतात.* थर जाड होता किंवा पत्रा गरम होता. तेच वॅक्स अगदी थोडं घेऊन त्या जागी लावा आणि लगेच पुसा. ताज्यातलं द्रावक जुना सुकलेला थर मऊ करतं. कोरडं घासत बसलात तर ओरखडे पडतील.

*काळ्या प्लॅस्टिकवर पांढरे डाग.* शॅम्पूचं कोमट पाणी आणि मऊ टूथब्रश. नाही गेलं तर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हाताने.

*पॅडवर गाडीचा रंग उतरतो.* घाबरू नका. जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसतो, रंगच सगळ्यात वरचा थर असतो आणि त्याची भुकटी थोडी येते. साधं वॅक्स चालेल, घासणारं काहीही नको. गाडी नवीन असूनही रंग येत असेल तर मात्र थांबा आणि रंगाच्या जाणकाराला दाखवा.

*वॅक्स केल्यावर उन्हात बारीक ओरखड्यांची जाळी दिसते.* ती आधीच होती. आपल्याकडे तिचं मोठं कारण म्हणजे रोज पहाटे कोरड्या धुळीवरून फिरणारं तेच ते फडकं. सोसायटीत एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या जातात आणि पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीला लागते. गाडी पुसणाऱ्या दादांना फक्त काचा पुसायला सांगा, पैसे तेवढेच द्या. जमलं तर तुमचं वेगळं फडकं त्यांच्याकडे ठेवा. जगातलं सगळ्यात महाग सीलंट कोरड्या धुळीच्या पुसण्यापुढे टिकत नाही. रॉकेल किंवा डिझेल मारून आणलेली चमक तर दुपारपर्यंतची असते. तेल धूळ ओढून घेतं आणि रबरं खराब करतं.

*पाण्याची पांढरी वर्तुळं.* पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. ओलं फडकं डागावर मिनिटभर ठेवा, पुसा, धुवा. गेल्यावर तिथलं वॅक्सही गेलंय असं समजून पुन्हा हात द्या. तरीही गेली नाहीत तर क्षारांनी क्लिअर कोट खाल्लाय, तिथे पॉलिशच लागेल.

*पक्ष्यांची घाण.* वॅक्स आहे म्हणून आठवडाभर ठेवू नका. ती आम्लधर्मी असते आणि उन्हात काही तासांतच ठसा उमटवू शकते. ओला टिश्यू दोन मिनिटं वर ठेवा, मऊ झाल्यावर उचला. उंबराखाली गाडी लावणाऱ्यांना वटवाघळांचं वेगळं सांगायला नको.

वर्षभरात कधी

मेच्या शेवटी, पावसाआधी, सीलंट. पावसाळ्यात गाडी रोज भिजते तेव्हा ती स्वच्छच आहे असं वाटतं, पण चिखलाच्या पाण्याचा थर साचत जातो. फवाऱ्याचं सीलंट ऑगस्टमध्ये एकदा वरून मारलं तर बरं. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की पूर्ण धुलाई, क्ले, पुन्हा थर.

हा हात दसऱ्याच्या आधीच द्या, पूजेसाठी. बॉनेटवर ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काढलं जातं, हार दिवसभर घासतो, झेंडूच्या ओल्या पाकळ्या उन्हात चिकटून पिवळा डाग सोडतात. खाली ताजं सीलंट असलं तर दुसऱ्या दिवशी शॅम्पूने बहुतेक सगळं निघतं. कुंकू कोरडंच झटकू नका, त्यात रवाळ कण असतात. आधी पाणी ओता. पांढऱ्या गाडीवर हळदीची पिवळी झाक राहिलीच तर घासू नका. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो, दोन-चार दिवस गाडी उन्हात उभी करा. नारळाचं पाणी उडालं असेल तर त्याच संध्याकाळी धुवा.

थर संपला की नाही हे ओळखायला गाडी शॅम्पूने नीट धुवा आणि मग पाणी ओतून बघा. धुळीच्या थराखाली चांगलं सीलंटही मेल्यासारखं दिसतं. धुतल्यावर पाणी चटकन सरकलं तर अजून आहे. सपाट पसरून तसंच बसून राहिलं, तर वेळ झाली.

फडकी वेगळी धुवा, सुती कपड्यांसोबत नको, त्यांचे तंतू मायक्रोफायबरला चिकटतात. गार किंवा कोमट पाणी, थोडं द्रव डिटर्जंट, आणि कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नाही, ते तंतूंवर थर चढवतं आणि फडकं पुसण्याऐवजी पसरवायला लागतं. वाळवायचं सावलीत, दोरीवरून थेट झाकणाच्या डब्यात. एखादं फडकं जमिनीवर पडलंच, तर ते त्या क्षणापासून चाकांचं.